सटवाजीकडून एक घागर पाणी

लातूर, ८ एप्रिल १९८४

सटवाजी, जयभीम.

हे पत्र खुशाली विचारायला लिहीत नाही. अकरा वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही, आणि माझ्या हातून पुढेही लिहिली गेली नसती. पण माणिकप्पा वकिलांनी तुमचा मुखेडचा पत्ता एका चिठोऱ्यावर उतरवून माझ्या खिशात कोंबला आणि रोज विचारतात, ‘नरसिंगराव, टाकलं का पत्र?’ त्यांची कटकट एकदाची संपावी म्हणून टाकतो आहे.

बातमी अशी, की तुम्ही आणि मी दुर्मिळ झालो आहोत. दुष्काळात चाकूरजवळ तलावाच्या कामावर तुमच्या पार्टीचा आणि माझ्या पार्टीचा गाण्याचा जो शेवटचा सामना झाला, तो ओव्हरसियर महादेवप्पांनी त्यांच्या त्या ट्रंकेएवढ्या टेपवर भरून ठेवला होता. आता ते निवृत्त झाले, घर आवरताना टेप सापडली, आणि मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने तिची कॅसेट काढली. नाव ‘मराठवाड्याचे दुर्मिळ सामने’. वर हिरव्यागार उसाच्या फडाचं चित्र आहे. खडी फोडणाऱ्या माणसांपुढे आपण गायलो आणि त्यावर ऊस.

मी इथे लातूरच्या स्टँडवर कंट्रोलर आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं असेल. दिवसभर माईकवर गाड्या पुकारतो. गेल्या महिन्यात एक काळा कोट खिडकीपाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘परत म्हणा.’ काय म्हणू? ‘अहमदपूरमार्गे मुखेड. परत म्हणा.’ मला वाटलं गाडी चुकलेला पॅसेंजर आहे, म्हणून परत म्हटलं. त्या माणसाने डोळे मिटून ऐकलं. ‘तुम्हीच ते. नरसिंग आणि पार्टी. मुखेड म्हणताना तुम्ही खाली उतरता तसेच कडव्याच्या शेवटी उतरता.’ आणि मग जरा नाराज होऊन म्हणाला, ‘आम्हाला वाटलं होतं, तुम्ही हयात नाही.’ नाराजी खरी होती. गाणारा मेलेला असला की टेपची किंमत वाढते, हे मला मागाहून समजलं.

तर हे वकील आणि त्यांची शौकीन मंडळी बुद्धपौर्णिमेच्या सुमारास आपल्या दोघांचा सत्कार करणार आहेत. एकाच स्टेजवर, शेजारी शेजारी खुर्च्या. शाल, नारळ, भाषणं.

तुम्ही येऊ नका. एवढंच सांगायला हे पत्र. तुम्ही आलात तर मी येणार नाही, आणि मी इथल्या इथे असून आलो नाही तर लोकांना कारणं सांगत बसावं लागेल. मला आता कारणं सांगायचा कंटाळा आला आहे. पुकारून पुकारून घसा बसला आहे, त्यात हे आणखी नको.

नरसिंग

लातूर, २२ एप्रिल १९८४

सटवाजी, जयभीम.

तुमचं उत्तर नाही. नसलं तरी बिघडत नाही. पण मी परवा ती कॅसेट ऐकली आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून पुन्हा लिहितो आहे. दुसऱ्या कुणाला लिहिणार? त्या कॅसेटवर दोघंच तर आहोत.

ऐकणार नाही म्हणून ठरवलं होतं. पण वकील सुट्टीच्या दिवशी घरी येऊन बसले. त्यांच्या माडीवर दर रविवारी ही मंडळी जमतात. नवा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर पुण्या-औरंगाबादचे साहेब आले आणि साहेबांबरोबर टेपरेकॉर्डर आले. दुकानांच्या पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ पुसून ‘जि. लातूर’ लिहिलं आहे, तरी खालचं अजून दिसतं. नळाला मात्र दोन्ही जिल्ह्यांचं पाणी नाही.

यांचा शौक बघून मी थक्क झालो. बँकेतले एक गृहस्थ रेकॉर्ड पुसायला मखमलीचा तुकडा खिशात बाळगतात. नांदेडचे एक प्राध्यापक पहाटेची गाडी धरून येतात. का, तर पहिल्या खेपेच्या कॅसेटवर आपली नावं उलटी छापली गेली, तुमच्या फोटोखाली मी आणि माझ्या फोटोखाली तुम्ही, आणि ती चुकीचीच कॅसेट त्यांना हवी आहे. तिच्या बदल्यात कव्वालीच्या तीन जुन्या रेकॉर्डी द्यायला तयार आहेत, वकील ढिम्म हलत नाहीत. मागे कसलीशी खरखर येते, तिच्यावरून वाद. एक म्हणतो वारा, दुसरा म्हणतो टेप घासली. मला विचारलं. म्हटलं, पुढे बसलेल्या बाया दुसऱ्या दिवसाची, रेशनवर मिळालेली लाल ज्वारी पाखडत होत्या. झालं, सगळ्यांना इतका आनंद झाला की कॅसेट मागे नेऊन नुसती पाखडणी ऐकली. मला काही राग आला नाही. हौस वाईट नसते. फक्त आपला भुकेचा आवाज कुणाला आवडेल असं कधी वाटलं नव्हतं.

मग माझं गाणं लागलं. ‘हात जोडून मिळतं ते पाणी नव्हं, हात हाईत तर हीर खणा.’ सटवाजी, काय आवाज होता हो माझा. मी माझाच आवाज ऐकून मान खाली घातली.

आणि मग तुम्ही उठलात. तुमच्या ढोलकीवाल्याने चाल धरली आणि तुम्ही सुरू केलंत:

‘दिवसा सांगतो जगाला, हीर खणा रं हीर खणा,
पहाटं मालकाच्या भिंतीपाशी हात जोडून उभा कोन म्हणा?’

माणसं हसली, शिट्ट्या आल्या. त्यापुढे खडखड ऐकू येते, ती माझी पेटी बंद केल्याची. मी उठलो तो तिथेच. कॅसेटही तिथेच संपते. कंपनीला तो शेवट झकास वाटला असणार.

ते खरं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. कामाशेजारी त्या मालकाच्या भिंतीआड एकच विहीर जिवंत होती. आपल्या माणसांनी भिंतीबाहेर थांबायचं, हात जोडून ‘मालक, पाणी द्या’ म्हणायचं, मग त्याचा गडी भांड्याला न शिवता वरून धार सोडायचा. रोज संध्याकाळी मी त्याच्याच विरुद्ध गात होतो. आणि आमच्या हिला, धुरपताला, ताप चढला, तिच्या ओठांची सालं निघायला लागली, टँकर काही आला नाही, तेव्हा एका पहाटे घागर घेऊन मी तिथे गेलो. हात जोडले. आसपास कुणी बघत नाही ना, एवढं बघून जोडले. मागे काही माणसं होती, अंधारात डोक्यावरून घोंगड्या घेतलेली. मी मागे वळून पाहिलं नाही.

तुम्हाला ते कुणी सांगितलं, हा प्रश्न मला अकरा वर्षं पुरला. घरी आल्यावर मी धुरपतालाही सांगितलं नव्हतं, पण पाणी कुठून आलं हे तिला कळलं असणारच. आणि ती तुमच्या मुखेडची. लहानपणापासून तुम्हाला भाऊ म्हणते. मी तिला एकदाच विचारलं. ती म्हणाली, ‘म्या कुनाला सांगितलं न्हाई.’ मी मान फिरवली. ती समजायचं ते समजली. त्यानंतर आमच्या घरात जेवण-खाण, पोरांची लग्नं, पाहुणे-रावळे सगळं झालं, पण ती माझ्यासमोर बसून कधी मनातलं बोलली नाही, आणि मीही नाही.

सामन्यात आवाजावर बोलावं, कपड्यावर, ढोलकीवर, टकलावर बोलावं. घरातल्या पाण्यावर बोलायचं नसतं. हे तुम्हीच मला शिकवलं होतं.

सत्काराचं काय ते कळवा.

नरसिंग

लातूर, ६ मे १९८४

सटवाजी,

तुझं कार्ड मिळालं. ‘जयभीम. सत्काराला येत न्हाई. कॅसेट पुरी हाय का? म्होरचं ऐकलं का?’ एवढंच. तुझं अक्षर अजून तसंच आहे, कापडावर खडूने माप टाकल्यासारखं.

वाचलं आणि आधी संताप आला. म्होरचं काय ऐकायचं होतं? मग ड्यूटीवर बसलो तरी ते तीन शब्द डोक्यातून जाईनात. दोनदा मी निलंग्याची गाडी उदगीरची म्हणून पुकारली, ड्रायव्हर खिडकीशी येऊन म्हणाला, ‘कंट्रोलरसायेब, घरला जावा.’ घरी न जाता वकिलांकडे गेलो आणि विचारलं, ही कॅसेट पुरी आहे का? त्यांनी कंपनीला ट्रंककॉल लावला. कंपनी म्हणाली, गाणं तिथेच मोडलं होतं, पुढे नुसता गोंगाट होता म्हणून काढून टाकला.

काढून टाकला म्हटल्यावर शौकीन मंडळी पेटलीच. कुणी ऐकलेलं नाही असं काही शिल्लक आहे, यापेक्षा त्यांना मोठं सुख नाही. महादेवप्पांना उदगीरहून बोलावलं. ते मूळ टेपचं स्पूल टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन आले. तो मोठा टेपरेकॉर्डर कुणा साहेबाच्या जीपमधून आला. नांदेडचे प्राध्यापक आले. आज दुपारी माडीवर दहा-बारा माणसं, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज नको. घामाने सगळे निथळत होते.

माझी पेटी बंद झाली. शिट्ट्या. मग तू गातच राहिलास, सटवाजी.

‘म्होरची घागर नरसिंगाची, मागची सटव्याची म्हणा,
एकाच रांगंत दोघं शाहीर, आता तरी हीर खणा.’

हसणं थांबलं. बायांची पाखडणीसुद्धा थांबली. मग ढोलकी बंद झाली आणि तू बोललास. मी ते दुपारपासून इतक्या वेळा मनात म्हणून पाहिलं आहे की चुकणार नाही.

‘मंडळी, हसू नगा. मला कसं म्हाईत म्हून इचारा की. म्या त्येच्या मागंच उभा व्हतो, घोंगडं घिऊन. म्या बी हात जोडले. त्येची बायकू तापानं फणफणली व्हती, माझ्या घरात तर कुनी आजारी बी न्हवतं. नुस्ती तहान व्हती. कडवं माझ्यावरच व्हतं, हा गडी मदीच उठला. नरसिंग्या, आरं पुरं तर ऐक.’

मग तू बक्षीस पुकारलंस. लोक एरवी रुपया, आठ आणे देतात आणि आपण गाणं थांबवून नाव घेतो, तसंच. ‘नरसिंग आनि पार्टी, चाकूर, यांना सटवाजीकडून एक घागर पानी.’ आणि शेवटी माईक सोडून, लांबून, तुझा आवाज येतो: ‘नरसिंग्या, ताट वाढलंय. ये.’ असं तू तीन-चारदा म्हणतोस. मग स्पूल संपलं. टेपचं टोक फटफट करत फिरत राहिलं आणि ते बंद करायला कुणी उठेना.

कडवं मध्येच सोडून उठायचं नसतं. समोरचा शिव्या देईना का, त्याची शेवटची ओळ होईपर्यंत बसायचं, मग आपलं उत्तर, मग दोघांनी एका ताटात जेवायचं, तेव्हा सामना संपतो. पोराला पेटीला हात लावू देण्याआधी आपण हे शिकवतो. आणि दोन ओळी ऐकून उठलो तो मी. तुझं कडवं चार ओळींचं होतं.

तू सांगायचा प्रयत्न केला नाहीस असं नाही, हेही आता आठवतं. माझा ढोलकीवाला भीमा दुसऱ्याच दिवशी आला होता. ‘सटवाजीभाऊनं सांगितलंय की...’ एवढं म्हणाला आणि मी त्याला उंबऱ्यातूनच हाकललं. त्याच महिन्यात एस.टी.त लागलो, गाव सोडलं, आणि त्या सामन्याचा विषय जो काढील त्याच्याशी बोलणं सोडलं. एकदा, बदलीच्या एका गावी, तू स्टँडवर माझ्या खिडकीसमोर येऊन उभा होतास. मी झडप ओढून घेतली होती.

माडीवर बँकवाल्यांनी मखमलीने डोळे पुसले. मग प्राध्यापक हळूच म्हणाले, ‘हे कॅसेटवर यायला हवं. याच्यासारखं दुसरं कुठेच नाही.’ वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अजून सामना संपलेला नाही, संपला की मग विचारा. त्यांना ते कळलं नाही बहुतेक, पण त्यांनी मान डोलावली.

घरी जायला पाय उचलत नाहीत. स्टँडच्या कँटीनमध्ये बसून हे लिहितो आहे. तुझ्यासाठी मला शब्द सापडतील, दोघंही शाहीर आहोत. धुरपताला काय सांगू, ते सापडत नाही.

तुझा
नरसिंग

लातूर, ९ मे १९८४

सटवाजी, जयभीम.

सांगितलं. ती दारात बसून डाळ निवडत होती. मी समोर बसलो आणि स्पूलवरचं सगळं, तू म्हणालास ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. म्हटलं, धुरपता, तू कुणाला सांगितलं नव्हतंस. मी तुझ्यावर उगाच आळ धरला.

तिने डाळीवरून नजर उचलली नाही. म्हणाली, ‘मला म्हाईत हाय.’

मी म्हटलं, काय माहीत आहे?

‘समदंच. तुमी भीमाला म्होरच्या दारातनं हाकललं, तो मागल्या दारानं आला. सांगून गेला मला, सटवाजीभाऊ काय म्हनला ते. घागर बी तोच ठिवून गेला.’

‘मग अकरा वर्षं बोलली का नाहीस?’

‘तुमी इचारलं न्हाई,’ ती म्हणाली. ‘तवा एकदा इचारलं, म्या खरं सांगितलं, तुमी मानलं न्हाई. दुसऱ्यांदा इचारलं असतं तर दुसऱ्यांदा बी खरंच सांगितलं असतं.’

सटवाजी, मी रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, अंगात खाकी, दारात बसून रडलो, आणि शेजारची बाई बघून आत गेली. धुरपता डाळ निवडत राहिली. मग म्हणाली, ‘खडे लई निघाले यंदा,’ आणि सूप माझ्याकडे सरकवलं. आम्ही दोघांनी मिळून उरलेली डाळ निवडली.

मग मला घागर आठवली. विचारलं, कुठली घागर ठेवून गेला भीमा? तिने नुसतं मोरीकडे बोट केलं.

ती पितळेची, गळ्याशी चेपलेली. तिच्या माहेरची आहे, असं मी आजवर समजत होतो. चाकूर सोडताना ती सामानात आली, बदल्यांच्या प्रत्येक गावी आली, आज इथे या नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी मोरीत उभी आहे. पोरांच्या लग्नात तिच्यातूनच पाणी वाढलं. मी तुझं नाव घरात काढू देत नव्हतो आणि रोज सकाळी उठून तुझ्याच घागरीतलं पाणी पीत होतो.

तर आता असं ठरलं आहे. सत्काराला तू येणार नाहीस, आणि तुझ्याशिवाय मीही जाणार नाही, हे वकिलांना सांगितलं. ते खट्टू झाले, मग म्हणाले, ‘मुखेडला आम्ही आलो तर चालेल? लांब बसू. टेप आणणार नाही.’ मी म्हटलं, पुढच्या वेळी. यावेळी घरचंच काम आहे.

येत्या रविवारी मी रजा टाकली आहे. अहमदपूरमार्गे मुखेडची गाडी दुसरा कुणीतरी पुकारील आणि मी चढेन. धुरपता बरोबर येते आहे. मी म्हटलं, घागर घासून, पिशवीत घालून घेऊ, परत करून टाकू. तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती पोरांकडे बघायची. ‘कुनाचं भांडं कदी रिकामं परत दिलंय का आपन?’

म्हणून शनिवारी नगरपालिकेच्या टँकरला ती उभी राहणार आहे. मी जातो म्हटलं तर नको म्हणाली. इथे हात जोडावे लागत नाहीत, भांडावं लागतं, आणि ते तिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. भरली घागर गाडीत हिंदकळेल, कंडक्टर ओरडेल, हेही मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणते, कंडक्टर तुमच्याच खात्यातला हाय, आनि घागर म्या मांडीवर घिते.

सांडून सांडून जेवढं उरेल तेवढं पोहोचवतो. ताट एकच मांड.

नरसिंग